उतारा कुणाचा, घट कुणाची?

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीहून येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण सुरू होतं आणि थोड्याच वेळात बोधन येतं. बोधनला लागूनच शक्करनगर. निझामाच्या राजवटीत, १९३७ साली, इथं निझाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. मांजरा नदीवरचं निझामसागर धरण त्याच्या काही वर्षं आधी पुरं झालं होतं. धरणाचं पाणी, कालव्याखालची जमीन, कारखान्याची स्वतःची उसाची शेती, कामगारांची वसाहत असा सगळा बारदाना. आशियातला सर्वांत मोठा साखर कारखाना अशी त्याची ख्याती होती. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बिलोली व बोधन यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. तोवर दोन्ही गावं एकाच राज्यातली होती. पुढं २००२ मध्ये बोधनच्या कारखान्यातला ५१ टक्के वाटा खासगी कंपनीकडं गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याला टाळं लागलं.

पुलाच्या अलीकडं, बिलोली तालुक्यातच, शंकरनगर आहे. तिथला गोदावरी मनार सहकारी साखर कारखाना. तोही बंद.

आता नदीच्या वरच्या अंगाला चला. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर, बिदर, मेदक, निजामाबाद असं मोठं वळण घेऊन ७२४ किलोमीटरांनंतर गोदावरीला मिळते. याच नदीचं नाव घेतलेला मांजरा सहकारी साखर कारखाना लातूरजवळ विलासनगरला आहे. विलासराव देशमुखांनी १९८० च्या दशकात उभा केलेला हा कारखाना चालू आहे. नुसता चालू नाही. त्याच्याभोवती विकास, रेणा, जागृती, ट्वेन्टीवन असा सहकारी आणि खासगी कारखान्यांचा गोतावळा उभा राहिला.

नदी एकच. तिच्या काठच्या या तिघांतला एक कारखाना सरकारी होता आणि पुढं संयुक्त झाला, दोन सहकारी. सरकारी-संयुक्त बुडाला, एक सहकारी बंद पडला, एक सहकारी तगला. म्हणजे ‘सहकारानं वाटोळं केलं’ हेही अपुरं आणि ‘खासगीकरणानं गिळलं’ हेही अपुरं. पारावर बसून एखाद्या पुढाऱ्याचं नाव घेतलं की विषय मिटतो, पण त्यानं कारखाना का बंद पडतो ते कळत नाही. मला वेगळीच उत्सुकता आहे. कारखाना आजारी पडतो तेव्हा ते सर्वांत आधी कुठल्या कागदावर दिसतं?

साखर कारखान्याच्या बाबतीत याचं उत्तर सोपं आहे. रोज सकाळी तयार होणाऱ्या कागदावर. गाळप सुरू झालं की चोवीस तासांचा उत्पादन अहवाल कार्यकारी संचालकांच्या टेबलावर येतो. किती टन ऊस गाळला, किती पोती साखर झाली, गिरणी किती तास बंद राहिली आणि कशामुळं (ऊस नव्हता म्हणून, यंत्र बिघडलं म्हणून की सफाईसाठी), वाफ किती लागली, बगॅसमध्ये (पिळून उरलेल्या चोयट्यात) साखर किती गेली. हंगाम संपला, पट्टा पडला की या सगळ्याचा एकत्र हिशेब आर.टी. ८ (सी) नावाच्या नमुन्यात भरतात. हा नमुना देशभर एकच. त्यामुळं बिलोलीचा कारखाना कोल्हापूरच्या किंवा मेरठच्या कारखान्याशेजारी ठेवून ओळीनं वाचता येतो.

आता हे आकडे कुठून येतात ते जवळून पाहू. कुठल्याही कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिरा. पहिल्यांदा येतो तो आंबूस-गोड वास, मग काचेच्या नळ्यांची रांग. गिरणीच्या पहिल्या रोलरखालून आलेला रस गढूळ, हिरवट-तपकिरी असतो. त्यात शिशाच्या क्षाराची चिमूट टाकली की गाळ खाली बसतो. रस गाळून घेतला की निवळ पिवळसर द्रव उरतो. तो लांब नळीत भरून पोलरीमीटरमध्ये ठेवतात. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल फिरतं आणि ते किती फिरलं यावरून साखर किती हे कळतं. या वाचनाला ‘पोल’ म्हणतात. अशीच पोल शेवटच्या गिरणीतून बाहेर पडणाऱ्या चोयट्याची काढतात, प्रेसमडची (रस गाळताना उरलेल्या गाळाची) काढतात, मळीची काढतात. चोयट्यात साखर राहून जाऊ नये म्हणून शेवटच्या गिरण्यांआधी त्यावर गरम पाणी शिंपडतात. पाणी जास्त शिंपडलं तर साखर जास्त निघते, पण मग ते पाणी उकळून उडवायला वाफ जास्त लागते आणि बगॅस जास्त जळतो. शिफ्टचा केमिस्ट आणि बॉयलरवरचा माणूस यांच्यात रात्री दोन वाजता जी हुज्जत चालते ती बहुधा या पाण्यावरून. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ज्याला नियंत्रण म्हणतात ते प्रत्यक्षात असं असतं.

साखरधंद्यात आकड्यांची तुलना ही अलीकडची फॅशन नाही. ‘बेंचमार्किंग’ हा शब्द कंपन्यांच्या बैठकांत रुळला तो अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीमुळं. जपानी कंपन्या झेरॉक्सच्या उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत कॉपिअर विकतात हे पाहून तिनं १९७९ च्या सुमारास स्वतःचं माप दुसऱ्याशी लावायला सुरुवात केली. तिथलेच रॉबर्ट कॅम्प यांचं त्यावरचं पुस्तक १९८९ मध्ये आलं आणि जगभरच्या व्यवस्थापकांच्या तोंडी तो शब्द बसला. पण त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, डच अमलाखालच्या जावा बेटावरचे साखर कारखाने आपापले गाळपाचे आकडे एकमेकांना कळवत होते. या पद्धतीला ते ‘परस्पर नियंत्रण’ म्हणत. ज्याची घट शेजाऱ्यापेक्षा जास्त, तो त्यात उघडा पडे.

तुलनेत एक अडचण लगेच आली. सगळा ऊस सारखा नसतो. कुठं चोयटा जास्त, कुठं रसाची शुद्धता कमी. वाईट ऊस गाळणाऱ्या चांगल्या गिरणीचे आकडे वाईट दिसणार आणि चांगला ऊस गाळणाऱ्या ढिसाळ गिरणीचे चांगले. त्यावर साखरतज्ज्ञ नोएल डीर यांनी उपाय काढला: उसातला चोयटा १२.५ टक्के आहे असं धरून गिरणीचा आकडा पुन्हा मांडायचा. रसाची शुद्धता ८५ धरून उकळणी विभागाचा आकडा मांडण्याच्या सूत्राला डीर यांच्याबरोबर आपल्या गुंडू राव यांचं नाव आहे. अशा आकड्यांना ‘रिड्यूस्ड’ म्हणतात. त्यात शेतकऱ्याचा भाग बाजूला निघतो आणि कारखान्याचा भाग उघडा पडतो. कारखान्याच्या तांत्रिक पत्रकात हे आकडे असतात. शेतकऱ्याच्या पावतीवर मात्र नसतात. तिथं एकच आकडा पोचतो: उतारा.

माझं म्हणणं या एका आकड्याबद्दल आहे.

उतारा म्हणजे शंभर किलो उसातून पोत्यात पडलेली साखर. उसात मुळात असलेल्या साखरेतून कारखान्यात झालेली घट वजा केली की उतारा उरतो. घट चार वाटांनी होते: बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये, मळीत आणि कुठं गेली ते सांगता येत नाही अशी ‘अज्ञात’ घट. चांगल्या चाललेल्या कारखान्यात चारींची बेरीज दोनच्या आसपास किंवा त्याखाली असते. आता समजा, उसात साखर १२.३ टक्के आहे. एका कारखान्याची घट १.८, त्याचा उतारा १०.५. दुसऱ्याची घट २.३, त्याचा उतारा १०. शेतकरी तोच, ऊस तोच, फड तोच. फरक आहे तो झिजलेल्या रोलरचा, वारंवार थांबणाऱ्या गिरणीचा, गव्हाणीसमोर ताटकळलेल्या ट्रॅक्टरांचा.

हा फरक कोण भरतो? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर भाव) ठरवली. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ, खाली आला तर तेवढीच कपात. साडेनऊच्या खाली कपात नाही, तिथं ३२९.०५ रुपये ठरलेले. वरच्या उदाहरणातला अर्ध्या टक्क्याचा फरक क्विंटलला १७.३० रुपये, म्हणजे टनाला १७३ रुपये होतो. साठ टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे १०,३८० रुपये गेले. हंगामात पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यावर हिशेब केला तर ८ कोटी ६५ लाख. कारखान्याच्या ढिसाळपणाचं हे बिल शेतकऱ्याच्या नावानं फाडलं जातं आणि पावतीवर लिहिलेलं असतं ‘उतारा कमी’. जणू दोष त्याच्या उसाचा.

त्यात गोलपोस्टही हलत राहिला आहे. २००९ मध्ये एफआरपी आली तेव्हा पायाभूत उतारा ९.५ टक्के होता. २०१८-१९ मध्ये १० झाला, २०२२-२३ मध्ये १०.२५. देशाचा सरासरी उतारा वाढला म्हणून पाया वाढवला, असं सरकारचं म्हणणं. देशाची सरासरी वाढली ती मुख्यतः उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणानं क्रांती केली म्हणून. त्या वाणाशी मराठवाड्याचा काय संबंध? आमच्याकडच्या भारी जमिनीत, चोपण पट्ट्यात, पाण्याचा ताण सोसणारा म्हणून शेतकऱ्यांनी फुले २६५ लावला. टनेज चांगलं देतो, म्हणून शेतकरी खूश. उतारा कमी म्हणून कारखाने नाखूश. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देताना राज्याचे दक्षिण, मध्य आणि उत्तरपूर्व असे तीन विभाग करते, मराठवाड्याला उत्तरपूर्वेत ठेवते. कोल्हापूरशी आमची थेट कुस्ती लावत नाही. पुरस्कारासाठी जे शहाणपण वापरतात ते भावासाठी वापरत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आता गावात सर्वांत जास्त बोलल्या जाणाऱ्या विषयाकडं येतो: काटा. उसाचं वजन कमी दाखवतात ही तक्रार महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऊस-गावात आहे. कुठल्याही कारखान्यावर मला आरोप करायचा नाही, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभर टन ऊस, त्यातून साडेदहा टन साखर, उतारा १०.५. एफआरपीप्रमाणं शेतकऱ्याला ३,६३,६५० रुपये. समजा काट्यावर शंभराचे सत्त्याण्णव केले. साखर तर साडेदहा टनच निघणार. मग कागदावर उतारा चढून १०.८२ होतो. त्या उताऱ्याचा भाव धरला तर सत्त्याण्णव टनांचे साधारण ३,६३,५०० रुपये होतात. म्हणजे चोरी करून हाती जवळपास काही लागत नाही! काटा आणि उतारा हे दोन आकडे एकमेकांना कुलूप घालतात. काटा मारून फायदा हवा असेल तर साखरही वहीबाहेर ठेवावी लागते आणि त्यासाठी वजनकाट्यापासून गोदामापर्यंत बरेच हात लागतात. म्हणून नुसत्या काट्यावर भरारी पथक पाठवून भागत नाही. पोत्यांची मोजणी आणि मळीचा साठा त्याच दिवशी तपासला पाहिजे.

मात्र हे कुलूप मराठवाड्यात सैल होतं. उतारा साडेनऊच्या खाली असेल तर भाव (२०२५-२६ च्या हिशेबानं) ३२९.०५ वर गोठलेला असतो. खरा उतारा ९ असताना तीन टक्के वजन मारलं तर कागदावर तो ९.२८ होतो. भाव तोच, टन मात्र कमी. शेतकऱ्याला आधार म्हणून घातलेली ही तळरेषा नियंत्रणाच्या बाजूनं पाहिलं तर एक फट आहे. कारखाना उतारा न बघता सरसकट भाव जाहीर करतो तिथंही हेच. कमी उताऱ्याच्या भागात काट्यावर जास्त डोळे हवेत, ते याच कारणानं.

कुलूप कधी लागतं यावरूनही भांडण झालं. एफआरपी पूर्वापार मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर काढतात. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढला की एफआरपी टप्प्याटप्प्यानं द्यावी आणि अंतिम हिशेब चालू हंगामाच्या उताऱ्यावर व्हावा. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. एकरकमी पैसे मिळावेत ही शेतकऱ्याची गरज खरी आहे, चौदा दिवसांत पैसे द्या असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेशही सांगतो. निकाल मला योग्य वाटतो. फक्त मागच्या वर्षीची घट या वर्षीच्या पावतीवर उतरते, हे त्यात लक्षात ठेवायचं.

इथेनॉलनं हा गुंता आणखी वाढवला. २०१८ पासून बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायला उत्तेजन मिळालं. त्यात थोडी साखर मुद्दाम मळीत सोडून देतात, म्हणजे पोत्यातला उतारा कमी दिसणारच. मग ती वळवलेली साखर सूत्रानं परत मिळवून उतारा प्रमाणित करून घ्यावा लागतो. जिथं आकडा मोजून मिळत होता तिथं आता तो हिशेबानं काढावा लागतो, आणि हिशेबानं काढलेल्या आकड्यावर शंका घेणं सोपं, ती सिद्ध करणं कठीण. कारखान्यांचीही कोंडी आहे. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला; त्यानंतर एफआरपी हंगामामागून हंगाम चढत गेली, हा दर मात्र वर्षानुवर्षं तिथंच ठेवला. म्हणून अनेकांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या टाकल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं एका फतव्यानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, बी-हेवीलाही चाप लावला. पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. अशा वाऱ्यावर दहा वर्षांचं धोरण कोण आखणार? जो कारखाना आपली घट कमी ठेवून आहे तोच असे धक्के पचवतो, कारण दिल्लीला न विचारता हातात ठेवता येईल अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

बिलोलीकडं परत येऊ. इथला ऊस आता दूरच्या कारखान्यांवर जातो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही मोडते. दूरचा फड, टोळीची वाट, काट्यासमोरची रांग, यात दोन दिवस सहज जातात. ती साखर कुठल्याच अहवालात ‘घट’ म्हणून येत नाही, कारण मोजणी काट्यानंतर सुरू होते. वर एफआरपी ही कारखान्याच्या दारातली किंमत, म्हणून तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या बिलातून कापतात. तालुक्यात कारखाना बंद पडला की काय होतं याचं उत्तर कामगारांच्या थकीत पगारापुरतं नसतं. ते प्रत्येक टनाच्या वजावटीत दरवर्षी मोजलं जातं. आणि शेजारच्या मुखेड-कंधारच्या टोळ्या कोयता घेऊन दुसऱ्यांचा चढ्या उताऱ्याचा ऊस तोडायला जातात, ते वेगळंच.

विलासनगर तगलं ते कशामुळं? राजकीय वजन होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राजकीय वजन इतर अनेक बंद कारखान्यांकडंही होतं. माझ्या मते शेजारी-शेजारी चालणाऱ्या कारखान्यांनी एकमेकांकडं पाहत राहणं हा मोठा भाग आहे. भाव जाहीर करताना, तोडणीला हार्वेस्टर आणताना, उपपदार्थांत उतरताना एकाचा आकडा दुसऱ्याला गप्प बसू देत नाही. पुरस्कारांच्या यादीत ही नावं पुन्हा पुन्हा येतात. जावाचं परस्पर नियंत्रण आमच्याकडं नातेगोते आणि चढाओढीच्या रूपानं आलं म्हणा हवं तर. बोधनला अशी शेजारची नजर नव्हती. मोठेपणाची ख्याती तेवढी होती.

एक आकडा मात्र लातूरच्याही पत्रकात नाही: पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. एक किलो साखरेला महाराष्ट्रात उत्तर प्रदेशाच्या साधारण दुप्पट पाणी लागतं हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच दाखवून दिलं आहे. २०१९ मध्ये मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस विभागीय आयुक्तालयातून गेली आणि फायलीत राहिली. हजार लिटर पाण्यामागं किती साखर, हे माप लावलं तर मांजरेकाठच्या सगळ्या कारखान्यांचा क्रम बदलेल आणि कदाचित म्हणूनच ते कुणी लावत नाही.

सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेआधी छापील अहवाल घरी येतो. त्यात पुढाऱ्यांच्या फोटोंच्या पानांमागं तांत्रिक तक्ता असतो. त्यात ‘एकूण घट’ आणि ‘बंद तास’ या दोन ओळी शोधा, मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी लिहा आणि सभेत उभं राहून त्याबद्दलच विचारा. खासगी कारखान्याला ऊस घालणाऱ्यांना, म्हणजे आज बिलोलीतल्या बहुतेकांना, असा अहवालही मिळत नाही आणि सभाही नाही. त्यांच्यासाठी नांदेडच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांनी विभागातल्या प्रत्येक कारखान्याची घट उताऱ्याशेजारी दर पंधरवड्याला जाहीर करावी. आकडे त्यांच्याकडं येतच असतात.